वॉर्डातले प्रश्न आणि संशोधनाची वाट

मुलाला एम.बी.बी.एस.ला प्रवेश मिळाला की आपल्या जळगाव-धुळ्याकडच्या घरांत त्याची पुढची पंधरा वर्षे आखून टाकली जातात. आधी एम.डी., मग दवाखाना, जमलेच तर स्वतःचे हॉस्पिटल. या आखणीत संशोधनाला जागा नसते. ते मुंबई-दिल्लीच्या मोठ्या संस्थांत, पांढऱ्या उंदरांवर आणि काचेच्या नळ्यांत चालते, अशी आपली समजूत. एका पालकांनी मला सरळच विचारले, ‘‘डॉक्टरसाहेब, पोरगा पेशंट तपासेल की संशोधन करत बसेल?’’

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर एका डॉक्टरांच्या कामात सापडते. त्यांचे काम कोकणातले, पण माणूस आपल्या शेजारचा. अजिंठ्याचा घाट ओलांडून सिल्लोडच्या पुढे गेले की जालना जिल्ह्यातला भोकरदन तालुका लागतो. तिथल्या देहेड गावच्या शेतकरी कुटुंबात डॉ. हिंमतराव बावस्कर यांचा जन्म झाला. नागपूरला एम.बी.बी.एस. करून 1976 मध्ये ते महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. तिथे लाल विंचवाने चावलेले रुग्ण येत आणि त्यांतले काही डोळ्यांदेखत दगावत. उपाय काय, तर वेदना कमी करणारी औषधे. पुस्तकात याहून फारसे काही नव्हते.

बावस्करांकडे प्रयोगशाळा नव्हती. ते रुग्णाच्या उशाशी बसून राहिले आणि तासातासाला लिहीत गेले: विंचू किती वाजता चावला, उलटी कधी झाली, घाम केव्हा सुटला, हातपाय कधी गार पडले, रक्तदाब किती. या नोंदींतून एक क्रम दिसू लागला. ज्यांना सुरुवातीलाच उलट्या होतात, दरदरून घाम फुटतो आणि हातपाय थंड पडतात, त्यांच्याच हृदयावर पुढे ताण येतो आणि फुफ्फुसात पाणी होते. म्हणजे धोक्याची सूचना काही तास आधी मिळते. हे निरीक्षण 1982 मध्ये ‘लॅन्सेट’ या विख्यात ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छापून आले.

पुढचा प्रश्न उपचाराचा. लाल विंचवाच्या विषामुळे शरीरात अ‍ॅड्रिनलीनसारख्या द्रव्यांचा जणू पूर येतो. रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदयाला त्या अडथळ्याविरुद्ध रक्त ढकलावे लागते, ते थकते आणि रक्तातले पाणी फुफ्फुसात झिरपते. मग आवळलेल्या वाहिन्या सैल केल्या तर? आधी त्यांनी सोडियम नायट्रोप्रुसाइड हे शिरेतून द्यायचे औषध वापरले. त्याचा गुण येई, पण थेंबाथेंबावर लक्ष ठेवावे लागे. खेडेगावात ते कोण ठेवणार? तेव्हा त्यांचे लक्ष प्राझोसिनकडे गेले. रक्तदाबासाठी दिली जाणारी ही साधी, स्वस्त गोळी. ती नेमकी त्याच ठिकाणी काम करते. 1986 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये तिचाही अनुभव प्रसिद्ध झाला. त्यांनी नोंदवल्यानुसार, पूर्वी गंभीर रुग्णांतले 25 ते 30 टक्के दगावत. प्राझोसिननंतर हे प्रमाण चार टक्क्यांच्या आत आले.

मधल्या काळात पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातून एम.डी. करून ते परत महाडलाच गेले, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासह त्यांनी काम चालूच ठेवले. विंचवावरची लस, म्हणजे प्रतिविष, प्राझोसिनसोबत दिले तर अधिक गुण येतो का, हे त्यांनी महाडमध्येच 70 रुग्णांवर पद्धतशीर तपासले. निम्म्यांना नुसती गोळी, निम्म्यांना दोन्ही. दहा तासांत पूर्ण बरे झाले ते पहिल्या गटात 35 पैकी 8, दुसऱ्या गटात 35 पैकी 32. हा अभ्यास 2011 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने छापला. 2022 मध्ये बावस्करांना पद्मश्री मिळाली.

पेशंट तपासेल की संशोधन करेल, यातला ‘की’ इथे गळून पडतो. पण प्रत्येकाने बावस्करांइतके एकट्याने झगडावे अशी अपेक्षा करणे बरे नाही. शिक्षणातच ही वाट हवी. अमेरिकेत 1964 पासून वैद्यकीय पदवी आणि पीएच.डी. जोडीने देणारा सरकारी अनुदानाचा कार्यक्रम आहे. त्याला सात-आठ वर्षे लागतात. आपल्याकडे तितका सरळ रस्ता रुळलेला नाही, तरी पायवाटा आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची विद्यार्थ्यांसाठीची अल्पकालीन शिष्यवृत्ती 1979 पासून चालू आहे. वैद्यकीय किंवा दंतशाखेच्या विद्यार्थ्याने आपल्या प्राध्यापकाच्या मार्गदर्शनाखाली एक छोटा प्रश्न घ्यायचा, दोन महिने काम करायचे, अहवाल द्यायचा. यासाठी दिल्ली गाठावी लागत नाही. धुळ्याचे भाऊसाहेब हिरे शासकीय महाविद्यालय किंवा 2018 मध्ये सुरू झालेले जळगावचे शासकीय महाविद्यालय, इथेच बसून हे करता येते.

एम.डी., एम.एस., एम.डी.एस. करणाऱ्यांना तर प्रबंध सक्तीचाच आहे. पण सक्तीचे काम कसे होते, हे आपण जाणतो. मागच्या बॅचचा विषय थोडा फिरवून घ्यायचा आणि शेवटच्या दोन महिन्यांत रात्री जागून तक्ते भरायचे. मी स्वतः तसेच केले. मी शिकलो त्या रुग्णालयात विंचू चावलेल्यांच्या केसपेपरवर चावल्याची वेळही लिहिलेली नसे. मीही लिहिली नाही.

दातांच्या डॉक्टरांना यात काय करता येईल, असे कुणी विचारेल. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दंतवैद्यक संशोधनाचा विभाग होता. तिथले डॉ. फली मेहता आणि त्यांचे सहकारी खेड्यांत घरोघर गेले, लोकांना तोंड उघडायला सांगितले, आत पाहिले आणि तंबाखू, मिश्री, विडी यांची सवय लिहून घेतली. 1972 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या महाराष्ट्रातल्या पाहणीत 1 लाख 1 हजार 761 ग्रामस्थ होते. पुढे याच गटाने 36 हजार तंबाखू वापरणाऱ्यांना सवय सोडण्याचा सल्ला देऊन काय फरक पडतो, हे वर्षानुवर्षे मोजले. मुखकर्करोग टाळता येतो, हे आज आपण ठामपणे सांगतो त्यामागे अशी पायपीट आहे. गुटख्यावर महाराष्ट्रात 2012 पासून बंदी असली, तरी गुटखा-सुपारीने तोंड आखडलेली तरुण मुले आपल्या दंत महाविद्यालयांत येतात. वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांत किती मिलिमीटर अंतर उरले, हे साध्या पट्टीने मोजता येते. सवय सुटल्यावर सहा महिन्यांनी पुन्हा मोजायचे. त्यासाठी रुग्णाची लेखी संमती आणि महाविद्यालयाच्या नैतिकता समितीची मान्यता लागते. या दोन गोष्टी आधी, पट्टी नंतर.

मागच्या पावसाळ्यात एक इंटर्न माझ्याकडे आला. म्हणाला, ‘‘सर, विषय सुचत नाही.’’ मी विचारले, ‘‘गेल्या आठवड्यात रात्रीच्या ड्युटीला कोण आले होते?’’ कपाशीवर फवारणी करताना विषबाधा झालेले तिघे. कोणते औषध फवारले, हे त्यांपैकी एकाच्याही कागदावर नव्हते. आता तो नातेवाइकांना आधी डबा घेऊन यायला पाठवतो आणि त्यावरचे नाव वहीत उतरवून घेतो.