प्रतिकारशक्ती आणि अर्बुद : एका सिद्धांताचा मागोवा

शरीरात उद्भवणाऱ्या बहुतेक कर्कपेशींचा बंदोबस्त शरीर स्वतःच करत असावे, असा तर्क पाउल एर्लिख यांनी १९०९ मध्ये मांडला; पण तो पडताळण्याची साधने त्या काळी नव्हती. १९५० च्या दशकाच्या अखेरीस मॅकफार्लेन बर्नेट आणि लुईस थॉमस यांनी त्याला प्रतिकार-पहाऱ्याच्या सिद्धांताचे रूप दिले. पुढे १९७० च्या दशकात ओसिआस स्टुटमन यांनी थायमस ग्रंथी नसलेल्या, म्हणजेच परक्या वा बिघडलेल्या पेशी ओळखून मारणाऱ्या टी-पेशींची उणीव असलेल्या उंदरांना कर्ककारक रसायन टोचले, तेव्हा अर्बुदांचे प्रमाण सामान्य उंदरांइतकेच भरले आणि हा सिद्धांत जवळजवळ अडगळीत पडला. अशा उंदरांतही थोड्या टी-पेशी आणि नैसर्गिक मारक पेशी शिल्लक असतात, त्यामुळे तो प्रयोग सिद्धांत खोटा ठरवायला पुरेसा नव्हता, हे नंतर स्पष्ट झाले.

या वादाला निर्णायक वळण मिळाले ते २००१ मध्ये. सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात रॉबर्ट श्रायबर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टी आणि बी या दोन्ही लसिकापेशी मुळीच नसलेले उंदीर वापरले. त्यांच्यात अर्बुदे अधिक उद्भवली. पण त्याहून महत्त्वाचे निरीक्षण पुढचे होते. ही अर्बुदे निरोगी उंदरांत रोपली असता २० पैकी ८ अर्बुदे त्यांच्या प्रतिकारशक्तीने नष्ट केली, तर मुळात निरोगी उंदरांत वाढलेली सर्व १७ अर्बुदे बिनबोभाट फोफावली. प्रतिकारशक्ती सहज ओळखू येणाऱ्या पेशी चाळणीप्रमाणे वेचून मारते आणि मागे उरतात त्या तिला चुकवू शकणाऱ्या, असा याचा अर्थ होता. यातूनच प्रतिकार-संपादनाची संकल्पना आणि तिचे निर्मूलन, समतोल व निसटणे हे तीन टप्पे पुढे आले. यांपैकी समतोलात अर्बुद मरत नाही आणि वाढतही नाही. २००७ मध्ये उंदरांमध्ये हा टप्पा प्रत्यक्ष दाखवता आला.

निसटण्याच्या वाटांपैकी एक म्हणजे टी-पेशींवरील नैसर्गिक लगाम स्वतःच्या बचावासाठी वापरणे. हे लगाम सैल करणाऱ्या उपचारांचा पाया घातल्याबद्दल जेम्स ॲलिसन आणि तासुकु होन्जो यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. तरीही ज्या अर्बुदांनी ओळखीच्या खुणाच गमावल्या आहेत, त्यांच्यापुढे हे उपचार अनेकदा अपुरे पडतात. म्हणूनच रुग्णाच्या अर्बुदाचा विचार करताना ते आज कसे आहे एवढेच पाहून भागत नाही, तर प्रतिकारशक्तीच्या कोणत्या निवडीतून ते तगून आले, हेही जाणून घ्यावे लागते.