सिग्नलवरील वळण : शिकाऊ चालकासाठी आणि घरच्यांसाठी

मोकळ्या मैदानात गाडी चालवणे आठवडाभरात जमते. सरळ रस्ताही पंधरा दिवसांत अंगवळणी पडतो. परंतु सिग्नलच्या चौकात उजवीकडे वळण्याची वेळ आली, की चांगला हात बसलेला शिकाऊ चालकही गोंधळून जातो. त्याचे कारण उघड आहे. त्या काही क्षणांत त्याला दिवा पाहायचा असतो, समोरून येणारी वाहने जोखायची असतात, रस्ता ओलांडणारी माणसे सांभाळायची असतात, आरशात पाहायचे असते आणि त्याच वेळी क्लच हळुवार सोडायचा असतो. त्यात मागून हॉर्न सुरू होतात.

व्यापारी कुटुंबात आज मुलगा, मुलगी, सून असे सर्वच जण गाडी शिकतात. दुकान बाजारपेठेत, घर नव्या वस्तीत आणि गोदाम शहराबाहेर, अशी बहुतेकांची स्थिती असल्याने गाडी चालवता येणे ही आता गरज झाली आहे. या तीन ठिकाणांच्या मधल्या प्रत्येक फेरीत पाच-दहा चौक लागतात. म्हणून चौकातील वळण हा विषय केवळ शिकणाऱ्याचा नाही. त्याच्या शेजारी बसणाऱ्याचा आणि त्याला गाडीची किल्ली देणाऱ्याचाही आहे.

दिवा काय सांगतो?

रस्त्यावरचा पहिला सिग्नल १८६८ च्या डिसेंबरात लंडनच्या संसदभवनाजवळ उभा राहिला. तो गॅसवर जळत असे आणि पोलीस हाताने फिरवीत असे. थोड्याच दिवसांत गॅसगळतीमुळे त्याचा स्फोट झाला आणि तो प्रयोग मागे पडला. पुढे १९१४ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलँड शहरात विजेचा सिग्नल बसला. त्यात लाल आणि हिरवा असे दोनच रंग होते. रंग बदलण्यापूर्वी सूचना म्हणून घंटी वाजे. पिवळा दिवा त्यानंतर १९२० मध्ये डेट्रॉइट येथे आला. लाल आणि हिरव्याच्या मध्ये सापडलेल्या वाहनाला सावरण्यास अवधी मिळावा, हा त्याचा हेतू होता. आज मात्र पिवळा दिवा दिसताच अनेक जण वेग वाढवतात. ज्यासाठी तो लावला गेला, त्याच्या नेमके उलट घडते.

हिरव्या दिव्याविषयीही असाच एक गैरसमज आहे. हिरवा दिवा म्हणजे ‘निघ’ असा हुकूम नव्हे; ‘मार्ग मोकळा असेल तर जाण्यास हरकत नाही’ एवढीच ती परवानगी आहे. मार्ग मोकळा आहे की नाही, हे दिवा सांगत नाही. ते चालकाने पाहायचे असते. हा भेद मनात पक्का झाला, की वळणाची निम्मी भीती ओसरते. कारण मग दिवा हिरवा होताच आपण चुकत आहोत, मागे पडत आहोत, असे शिकणाऱ्याला वाटेनासे होते.

वळणाची तयारी चौकाच्या आधी

वळण चौकात घेतले जात असले, तरी ते सांभाळले जाते चौकाच्या आधी. सुमारे शंभर मीटर अंतरावर असतानाच कोणत्या दिशेला वळायचे ते ठरलेले असावे. आधी आरसा पाहावा, मग इंडिकेटर लावावा, मग योग्य मार्गिकेत यावे आणि शेवटी वेग कमी करावा. हा क्रम उलटला, म्हणजे आधी गाडी वळवून मग इंडिकेटर लावला, तर तो इंडिकेटर कोणाच्याही उपयोगाचा नसतो. सरळ जाण्यासाठी चारही दिवे चमकवण्याची सवयही सोडलेली बरी. बाजूने येणाऱ्याला त्यातला एकच दिवा दिसतो आणि गाडी वळणार आहे असा त्याचा समज होतो.

वेगाचा हिशोब येथे उपयोगी पडतो. ताशी ३० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे ८ मीटर पुढे जाते. दिवा बदललेला दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद सहज लोटतो. त्यानंतर नेहमीसारखा, धक्का न देता ब्रेक लावला तर गाडी थांबेपर्यंत एकूण २० मीटर लागतात. हाच वेग ताशी ४० असेल तर सुमारे ३१ मीटर आणि ५० असेल तर सुमारे ४६ मीटर. याचा अर्थ असा, की दुरूनच वेग उतरवलेल्या चालकाला पिवळा दिवा दिसल्यावर ‘थांबू की जाऊ’ हा प्रश्न क्वचितच पडतो. थांबायचे झाले तर झेब्रा पट्ट्यांच्या अलीकडील थांबरेषेच्या मागे थांबावे. पट्टे चालणाऱ्यांसाठी आहेत.

आणखी एक सोपा उपाय आहे. ज्या चौकातून रोज जावे लागणार आहे, तेथे एकदा पायी जाऊन दहा मिनिटे पदपथावर उभे राहावे. काही चौकांत चारही बाजू एकेक करून सुटतात. तेथे आपल्याला हिरवा असताना समोरच्यांना लाल असतो. काही चौकांत समोरासमोरच्या दोन्ही बाजू एकदम सुटतात. काही ठिकाणी उजव्या वळणासाठी हिरवा बाण वेगळा असतो. हे तीन प्रकार लांबून सारखेच दिसतात. परंतु वळणाऱ्यासाठी त्यांत मोठे अंतर आहे. ते गाडीत बसून घाईत समजत नाही, पदपथावरून लगेच कळते.

डावे वळण : सोपे, पण निष्काळजीपणाचे

आपल्याकडे वाहने डाव्या बाजूने चालतात. त्यामुळे डावे वळण कोणाच्याही आडवे न जाता घेता येते. म्हणूनच तेथे लक्ष कमी पडते. पहिली गोष्ट म्हणजे, लाल दिवा असताना डावीकडे वळण्याची मोकळीक सर्वत्र नसते. तसा फलक किंवा हिरवा बाण असेल तेथेच ती असते. अन्य ठिकाणी लाल म्हणजे थांबणे. मोकळीक असली, तरी उजवीकडून येणाऱ्यांना आणि पादचाऱ्यांना आधी वाट द्यायची असते.

दुसरी गोष्ट दुचाकींची. गाडी आणि पदपथ यांच्यामधील हातभर फटीतून स्कूटर पुढे येते, हे आपल्या शहरांतील नित्याचे दृश्य आहे. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली, अशी सरकारी नोंद आहे. त्यांतील ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवर होती. म्हणून डावीकडे वळताना डावा आरसा पाहून पुरत नाही. मान वळवून खांद्यामागेही एकदा पाहावे. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, सावकाश, कडेला धरून वळवावी. वळण्याआधी उजवीकडे झोका देऊ नये. त्या झोक्यात उजवीकडचा सापडतो आणि डावीकडे उघडलेल्या जागेत एखादा स्कूटरवाला शिरतो. ज्या रस्त्यात शिरायचे आहे, त्याच्या तोंडाशी कोणी रस्ता ओलांडीत असेल तर त्याला जाऊ द्यावे. बस किंवा ट्रक डावीकडे वळत असेल तर त्याच्या डाव्या बाजूला कधीही शिरू नये. लांब वाहनाची मागची चाके पुढच्या चाकांपेक्षा आतून वळतात आणि त्या बाजूचे चालकाला दिसत नाही.

उजवे वळण : थांबण्याची कला

उजव्या वळणात समोरून येणाऱ्यांचा मार्ग छेदावा लागतो. बाण हिरवा असेल तर काम सोपे. बाण नसून साधा गोल हिरवा दिवा असेल आणि समोरची बाजूही सुटली असेल, तर सरळ येणाऱ्यांना आधी जाऊ देणे हे वळणाऱ्याचे कर्तव्य ठरते.

अशा वेळी दुभाजकाजवळच्या मार्गिकेतून पुढे येऊन चौकाच्या मध्याच्या थोडे अलीकडे थांबावे. थांबताना चाके सरळ ठेवावीत. हा नियम लहान वाटतो, पण जीव वाचवणारा आहे. चाके उजवीकडे वळवून उभ्या असलेल्या गाडीला मागून धक्का बसला, तर ती थेट समोरून येणाऱ्या वाहनापुढे ढकलली जाते. चाके सरळ असतील तर ती सरळ पुढे सरकते.

समोरची मोकळी जागा पुरेशी आहे की नाही, याचा अंदाज सुरुवातीला चुकतो. ‘बहुधा निघेन’ असे वाटले तर निघू नये. ‘नक्की निघेन’ वाटले तरच निघावे. समोरच्या मोठ्या गाडीच्या आडून एखादी दुचाकी येत नाही ना, हे पाहावे. काचेच्या कडेचा जाड खांब एका पूर्ण माणसाला झाकू शकतो; त्यामुळे डोके थोडे पुढे-मागे करून पाहण्याची सवय लावावी. ज्या रस्त्यात शिरायचे आहे तो तुंबलेला असेल तर दिवा हिरवा असूनही चौकात शिरू नये. वळताना कोपरा कापू नये. नव्या रस्त्याच्या डाव्या भागातच उतरावे. चौकाच्या मध्यावर थांबलेले असताना दिवा लाल झाला तर घाबरून गाडी मागे घेऊ नये. समोरची वाहने थांबल्याची खात्री करून, पादचारी सांभाळून, सावकाश वळण पूर्ण करावे.

मागचा हॉर्न

शिकणाऱ्याकडून चौकात गाडी बंद पडणारच. ती लाज वाटण्याची गोष्ट नाही. ब्रेक दाबून ठेवावा, क्लच दाबून गिअर न्यूट्रलमध्ये आणावा, गाडी सुरू करावी, पहिला गिअर टाकावा. एवढ्याला काही सेकंद लागतात. रस्ता चढाचा असेल तर हँडब्रेक ओढलेला ठेवावा आणि क्लच सुटताना गाडी पुढे ओढू लागली की मगच तो सोडावा. मागचा हॉर्न हा त्या माणसाचा उतावळेपणा आहे. तो आपल्या पायात उतरू देऊ नये.

मुंबई पोलिसांनी काही चौकांत केलेला आणि २०२० च्या जानेवारीअखेर लोकांपुढे आणलेला एक प्रयोग येथे आठवतो. सिग्नलला आवाज मोजणारे यंत्र जोडले होते. हॉर्नचा गोंगाट ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याची वेळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. हॉर्नने चौक लवकर सुटत नाही, हे त्या यंत्राने विनोदाने सांगितले. शिकणाऱ्याने ते गंभीरपणे घ्यावे.

शेजारी बसणारा आणि किल्ली देणारा

कायद्याने शिकाऊ परवाना सहा महिने चालतो आणि तो मिळाल्यापासून ३० दिवसांनंतर पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. या काळात गाडीच्या पुढे व मागे पांढऱ्या पाटीवर लाल ‘एल’ हे अक्षर हवे आणि शेजारी परवानाधारक व्यक्ती हवी, तीही गरज पडल्यास गाडी थांबवू शकेल अशा जागी. शिकाऊ परवाना खिशात आहे म्हणून मुलाला एकट्याने गोदामावरून माल आणायला पाठवणे हे या नियमात बसत नाही. अठरा वर्षे पूर्ण न झालेल्या, विनापरवाना मुलाच्या हाती गाडी दिल्याने गुन्हा घडला, तर २०१९ च्या सुधारणेनुसार पालक किंवा वाहनमालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कारावास, २५,००० रुपये दंड, वाहनाची नोंदणी बारा महिने रद्द आणि त्या मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत परवाना नाही, अशी ती तरतूद आहे. दुकानाची एक खेप वाचवण्यासाठी ही किंमत फार मोठी आहे.

शेजारी बसणाऱ्याने शब्द मोजके वापरावेत. ‘अरे, अरे!’ याने काहीच कळत नाही. ‘थांब’, ‘सावकाश’, ‘पुढची उजवी’ याने कळते. सूचना चौकाच्या आधी द्यावी, चौकात नव्हे. चूक झाली तर तिची चर्चा गाडी कडेला उभी करून करावी. सुनेला किंवा मुलीला शिकवताना तर हे अधिक पाळावे. पहिल्याच दिवशी झालेल्या ओरडण्याने गाडी कायमची सोडून दिलेल्या कितीतरी जणी घराघरांत आढळतात.

सरावाचा क्रम सोपा ठेवावा. रविवारी सकाळी, बाजार उघडण्यापूर्वी, एकाच ओळखीच्या चौकात आधी डावी वळणे, मग सरळ जाणे, मग बाणाचे उजवे वळण आणि सर्वांत शेवटी बाण नसलेले उजवे वळण घ्यावे. एक प्रकार दहा वेळा निर्धास्तपणे जमल्यावरच पुढचा घ्यावा. नंतर तोच चौक संध्याकाळच्या गर्दीत आणि पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर सोबतीने करावा. चाचणीच्या तारखेपेक्षा हा क्रम पूर्ण होणे महत्त्वाचे आहे; तो झाला नसेल तर तारीख पुढे ढकलावी.