एक अँटेना, घरभर टीव्ही

अमेरिकेत मोठ्या केंद्रांचे अ‍ॅनालॉग प्रक्षेपण १२ जून २००९ रोजी थांबले. आता हवेतून येणारे डिजिटल चित्र ‘एचडीहोमरन’सारखा नेटवर्क ट्यूनर घरभर पोहोचवतो.

● जोडणी : अँटेनाची केबल ट्यूनरला, ट्यूनर राउटरला. मग टीव्ही, फोन, लॅपटॉपवर अ‍ॅपमधून थेट प्रक्षेपण.

● मर्यादा : पेटीत जितके ट्यूनर, तितके कार्यक्रम एकाच वेळी, सहसा दोन किंवा चार.

● भार : ६ मेगाहर्ट्झच्या एका चॅनेलमधून सेकंदाला सुमारे १९.४ मेगाबिट माहिती येते. म्हणून ट्यूनर राउटरला तारेनेच जोडावा.

● लाभ : मासिक शुल्क नाही. वादळात इंटरनेट तुटले, तरी वीज असेपर्यंत स्थानिक बातम्या आणि इशारे सहसा मिळत राहतात. ही सोय जीव वाचवू शकते.