भंगारात देण्याआधी

जुनी सायकल मूळ रूपात रस्त्यावर क्वचितच दिसते. ती सापडते माळ्यावर, जिन्याखाली, गोठ्यात किंवा भंगाराच्या ढिगात, कारण रोज चालणाऱ्या सायकलचे भाग झिजतात आणि बदलले जातात, तर विसरलेली सायकल बरीचशी जशीच्या तशी राहते. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांनी उभारलेल्या सायकल संग्रहालयात दुसऱ्या महायुद्धातील बीएसए पॅराट्रूपर ठेवलेली आहे. छत्रीधारी सैनिकांसाठी बर्मिंगहॅमच्या कंपनीने बनवलेली ही सायकल मधले दोन नट हाताने सैल केले की दुमडते, पण ओळख नसलेल्या माणसाला ती वाकड्या नळ्यांचा सांगाडाच वाटेल.

रायपूरच्या समता कॉलनीसारख्या वस्तीत ही ओळख अधिक निकडीची आहे. १९५६ पर्यंत रायपूर आणि नागपूर एकाच राज्यात होते आणि नागपूर ही त्याची राजधानी होती, त्यामुळे नोकरीनिमित्त इकडे आलेल्या मराठी कुटुंबांच्या अडगळीत त्या काळच्या वस्तू असणे स्वाभाविक आहे. शिवाय उरला आणि सिलतरा येथे लोखंड वितळवणाऱ्या भट्ट्या जवळच असल्याने भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढलेली सायकल परत मिळण्याची आशा थोडीच.

ओळख पटवण्याची उत्तम जागा म्हणजे मागच्या चाकाचा हब, अर्थात ज्याभोवती आरे बसवलेले असतात तो मधला गोल भाग. तो जाड असेल आणि तेलाच्या फडक्याने पुसल्यावर ‘स्टर्मी-आर्चर’ हे नाव दिसले, तर आत तीन वेग देणारी दातेरी चाके असण्याचा संभव मोठा. नावाजवळचे दोन अंक बहुधा उत्पादनाचे वर्ष सांगतात, म्हणजे ५२ असेल तर १९५२. अर्थात हे वर्ष हबचे असते, सायकलचे नव्हे, कारण चाक मागाहून बदललेले असू शकते. हँडलखालच्या नळीवरील पितळी चिन्हावर ‘रॅले’ असले तरी सायकल नॉटिंगहॅमचीच असेल असे नाही. ती आसनसोलच्या सेन-रॅले कारखान्यातीलही असू शकते, आणि देशी म्हणून तिचे मोल कमी ठरवणे चूक आहे.

घर रिकामे करताना अशी सायकल हाती आली, तर तिला पॉलिश पेपर लावू नये, कारण गंजाखाली मूळ रंग आणि सोनेरी रेघा शिल्लक असू शकतात. आधी फ्रेमचा क्रमांक लिहून घ्यावा, घरातील वडीलधाऱ्यांना ती कोणाची होती हे विचारावे, आणि मगच तिचे काय करायचे ते ठरवावे.