आकाशात स्फोट होतो तेव्हा

शिवथरच्या घळीपाशी उभे राहून वर पाहिले, तर डोंगरकडांनी वेढलेले थोडेसेच आकाश दिसते. अशा खोऱ्यात एखाद्या रात्री क्षणभर दिवसासारखा उजेड पडला आणि थोड्या वेळाने कानठळ्या बसवणारा आवाज झाला, तर लोकांना प्रथम काय वाटेल? बहुधा ‘दरड कोसळली’ असेच वाटेल. जुलै २००५ मध्ये जुई, दासगाव, रोहण व कोंडिवते येथे आणि २२ जुलै २०२१ रोजी तळिये येथे जे घडले, ते महाड तालुका विसरलेला नाही. अनोळखी आवाजाचा अर्थ माणूस आपल्या ओळखीच्या भयावरून लावतो, तो असा.

हा स्फोट होतो तरी कसा? अवकाशातला दगड सेकंदाला किमान ११ किलोमीटर वेगाने वातावरणात शिरतो. त्याच्या पुढची हवा दाबली जाऊन विलक्षण तापते आणि दगड झळाळू लागतो. खालच्या दाट हवेतील दाब त्याला सोसवेनासा झाला की त्याच्या ठिकऱ्या उडतात. त्यामुळे हवेशी भिडणारा पृष्ठभाग एकदम वाढतो व उरलेली गती क्षणार्धात उष्णता आणि धक्का यांत खर्ची पडते. सुरुंगाची दारू येथे नसते. वेग हीच दारू! यातून वाचून जमिनीवर पोहोचतो तो तुकडा म्हणजे अशनी.

आपल्या पूर्वजांनीही हे दृश्य बारकाईने पाहिले होते. वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त उल्कांचे धिष्ण्या, उल्का, अशनी, विद्युत् व तारा असे पाच प्रकार सांगितले. मात्र त्यांचा संबंध शुभाशुभ फळांशी जोडला गेला, आणि ‘उल्कापात’ हा शब्द आजही अनर्थाच्या अर्थाने आपल्या तोंडी आहे.

आता अलीकडची उदाहरणे पाहू. २२ मे २०१२ रोजी भर दुपारी नागपूर जिल्ह्यातील काटोल परिसरात मोठे आवाज झाले आणि आकाशातून दगड पडले. ते खरे अशनी होते. याउलट २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, महाराष्ट्राच्या अनेक भागांतून आकाशात सरकत जाणारे अग्निगोल दिसले. कोणी उल्कावर्षाव म्हणाले, कोणी क्षेपणास्त्र, तर कोणाला परग्रहावरचे यान वाटले. पुढे चंद्रपूर जिल्ह्यातील लाडबोरी गावात सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे सापडले. ते चिनी अग्निबाणाचे अवशेष असावेत, असे कक्षेच्या हिशोबावरून अभ्यासकांनी सांगितले. ओळखण्याची खूण सोपी आहे : उल्का काही सेकंदांत संपते, अग्निबाणाचे तुकडे मात्र संथपणे, रांगेने, बराच वेळ जाताना दिसतात.

चुकीच्या प्रतिक्रियेची किंमत कधी शरीराला मोजावी लागते. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी रशियातील चेल्याबिन्स्क शहरावर सुमारे ३० किलोमीटर उंचीवर उल्का फुटली. उजेड तत्काळ दिसला; धक्का पोहोचायला दोन मिनिटांहून अधिक वेळ लागला. मधल्या वेळात कुतूहलाने खिडक्यांशी गेलेल्या कित्येकांना फुटलेल्या काचा लागल्या. सुमारे दीड हजार लोक जखमी झाले. एका शिक्षिकेने मात्र उजेड दिसताच आपल्या वर्गातील मुलांना बाकांखाली बसवले, मुले बचावली.

आणि डोळसपणे पाहिलेले कामीही येते. २८ जानेवारी १९७६ रोजी रात्री सौराष्ट्रातील धजाला येथे अशनी पडले. शास्त्रज्ञांनी साक्षीदारांच्या हकिगती जमवल्या आणि त्यांवरून त्या दगडाची सूर्याभोवतीची कक्षा काढली. सामान्य माणसांची नजर हीच तेथे दुर्बीण ठरली!

शिवथरच्या माणसाजवळ तर दिशा सांगण्याची साधने उभीच आहेत. अग्निगोल कावळ्या किल्ल्याच्या कोणत्या बाजूला दिसला, कोणत्या कड्याआड गेला, उजेडानंतर आवाज किती सेकंदांनी आला, एवढे टिपून ठेवले तरी अभ्यासकांना मोलाचे. सेकंदांना तीनने भागले की स्फोटाचे अंतर ढोबळ मानाने किलोमीटरमध्ये मिळते. हे मोजायचे ते काचेपासून दूर राहून.

एक गोष्ट मात्र या डोंगराळ मुलखात विसरून चालणार नाही. पावसाळ्यात, आधी काहीही उजेड न दिसता डोंगराकडून गडगडाट आला, तर उल्केचा विचार करीत बसू नये. मुलाबाळांसह उताराच्या वाटेतून दूर व्हावे. भय वाईट नसते. ते कोणत्या वेळी बाळगायचे आणि कोणत्या वेळी बाजूला ठेवून मोजदाद करायची, एवढे समजले म्हणजे विज्ञान आपल्या गावात आले असे म्हणता येईल.