देवी निजते तेव्हा वाकळी निघतात

भाद्रपद वद्य अष्टमीला तुळजापुरात तुळजाभवानीची मूर्ती सिंहासनावरून हलवून पलंगावर निजवतात. ही देवीची मंचकी निद्रा, घटस्थापनेच्या पहाटेपर्यंत चालणारी. नेमक्या त्याच दिवसांत आमच्या कळंबात घराघरातून वाकळी, गोधड्या, चादरी, जाजमं बाहेर निघतात. याला आम्ही दसरा काढणं म्हणतो. मांजरेला पाणी असेल तर नदीवर, नसेल तर शेतातल्या विहिरीवर नाहीतर दारातल्या बोअरवर. भिजलेली वाकळ एकटीला उचलत नाही. ती पायांनी तुडवायची, धोपाटण्याने बडवायची आणि दोघींनी दोन टोकं धरून उलटसुलट पिळायची.

माझं अर्धं बालपण या धुण्यात गेलं. धुण्याबद्दल आणि झोपेबद्दल तिथे जे ऐकलं त्यातलं पुष्कळ खरं निघालं. जे खोटं होतं, त्यापायी घरातल्या बायकांचं पाणी, पैसा, कंबर आणि झोप खर्ची पडली. ते थांबावं असं मनापासून वाटतं, म्हणून हे लिहिते आहे.

सगळ्यात पक्का समज फेसाचा. फेस आला नाही म्हणजे कपडा निघाला नाही, मग टाक अजून एक मूठ पावडर. घरी एकदा करून पाहा. दोन स्वच्छ बाटल्या घ्या. एकीत पावसाचं धरलेलं पाणी, दुसरीत बोअरचं. दोन्हींत अंगाच्या साबणाचा सारखाच किस टाका आणि खळखळून हलवा. पावसाच्या पाण्यावर बोटभर फेस उभा राहतो. बोअरचं पाणी मात्र दुधट होतं आणि वर पांढरा साका तरंगतो. तोच साका बादलीच्या कडेला चिकट कडं करतो, आणि तोच पांढऱ्या सदऱ्यावर बसून त्याला मळकट करतो.

या जड पाण्याचं मूळ आपल्या पायाखाली आहे. तालुक्यातल्या येरमाळ्याला येडेश्वरीच्या चैत्री यात्रेत भाविक चुनखडीचे खडे वेचतात. अशीच चुनखडी काळ्या रानात जागोजाग असते. पावसाचं पाणी जमिनीत मुरताना मातीतला कार्बन डायऑक्साइड घेतं, थोडं आंबट होतं आणि चुनखडीतलं कॅल्शियम, खडकातलं मॅग्नेशियम विरघळवत खाली उतरतं. साबण या क्षारांना आधी भेटतो, त्यांच्याशी जुळून साका होतो आणि मळापर्यंत पोचतच नाही. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने ही कठीणता लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत योग्य मानली आहे, आणि दुसरी सोयच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतली आहे.

यावर मूठभर जास्त पावडर हा उपाय नाही. सुती कपडे असतील तर आधी पाण्यात थोडा धुण्याचा सोडा ढवळावा. कॅल्शियम त्यात अडकतं आणि पुढे थोडी पावडर पुरते. धुण्याचा सोडा वेगळा आणि खाण्याचा सोडा वेगळा. खाण्याचा सोडा फार सौम्य, त्याने हे काम नीट होत नाही. रेशीम आणि लोकर मात्र सोड्यापासून लांब ठेवा, त्यांना रिठा चांगला. रिठ्यातल्या फेसाळ द्रव्याचा जड पाण्यात साका होत नाही. आपल्या आज्या भारीतली लुगडी रिठ्यात धुवायच्या, ती रीत पक्की होती. तुरटी फिरवली की पाणी मऊ होतं, असंही सांगतात. तुरटीने गढूळपणा खाली बसतो. विरघळलेले क्षार जागचे हलत नाहीत.

मशीनच्या पावडरी तर मुद्दाम कमी फेसाच्या बनवतात, कारण फेसाच्या गादीवर कपडे तरंगले तर एकमेकांवर घासले जात नाहीत. मळ काढतात ते साबणाचे कण, पाणी आणि घासणं. जादा पावडर कपड्यात राहते, अंगाला खाज आणते आणि खळबळायला दोन बादल्या पाणी वाढवते. त्या दोन बादल्यांची किंमत आपल्याकडे कुणाला सांगायला नको. कळंबच्या खालच्या अंगाला धनेगावला मांजरा धरण आहे. ते आटलं आणि 12 एप्रिल 2016 ला मिरजेहून 5 लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातूरला पोचली. त्या उन्हाळ्यात आमच्याकडे धुण्याचं शेवटचं पाणी फरशीला आणि फरशीचं संडासात जात होतं. तेव्हा घरात कुणीही मूठभर जादा पावडर टाकली नाही, आणि कपडे काही मळके राहिले नाहीत.

नीळ मळ काढत नाही. पिवळटपणावर निळी छटा चढली की डोळ्याला पांढरं दिसतं, एवढंच.

हळदीचा डाग साबणाने धुवून आणखी बिघडला, ही तक्रार प्रत्येक लग्नघरात ऐकू येते. पिवळ्या डागावर साबण घासला की तो लालभडक होतो, आणि सगळे घाबरून आणखी घासतात. यात बिघडलेलं काहीच नसतं. हळदीतल्या रंगाचा तो स्वभावच आहे, खार लागला की लाल व्हायचं. आपलं पारंपरिक कुंकू हळदीला चुना लावून याच गुणावर तयार होतं. डाग शांतपणे धुवा, साबण पूर्ण निघू द्या आणि कपडा कडक उन्हात टाका. हळदीचा रंग उजेडाला टिकत नाही. माझ्या बहिणीच्या हळदीतलं पांढरं उपरणं तीन दिवस गच्चीवर पडलं होतं. पहिल्या संध्याकाळी डाग फिक्या लिंबासारखा झाला, तिसऱ्या दिवशी कुठे होता ते शोधावं लागलं. रक्ताच्या डागाला मात्र गार पाणी. गरम पाण्याने त्यातलं प्रथिन गोठतं आणि डाग धाग्यात बसतो.

आता ज्या समजाने जीव जाऊ शकतो त्याकडे येते. जास्त सफाईसाठी मोरीत ब्लीचिंग पावडर आणि संडास धुण्याचं अ‍ॅसिड एकत्र ओतणारे लोक मी पाहिले आहेत. दोन्ही मिळून क्लोरीन वायू निघतो. दार लावलेल्या मोरीत तो फुप्फुसं जाळतो. दोन्ही एका वेळी कधीच वापरू नका.

दुसरं, फवारणीचे कपडे. सोयाबीनवर, तुरीवर फवारा मारून माणूस घरी येतो, सदरा-पँट धुण्याच्या ढिगावर टाकतो, आणि सकाळी ते लेकराच्या झबल्याबरोबर एकाच टबात भिजतं. धुतलं की विष गेलं, असं मानलं जातं. पण टबातल्या पाण्यातून ते दुसऱ्या कपड्यांना लागतं आणि धुणारीच्या हाताच्या कातडीतून आत जातं. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजुरांचा बळी गेला, शेकडो दवाखान्यात पडले. नाकातोंडाइतकीच कातडी हीसुद्धा विषाची वाट असते. म्हणून फवारणीचा जोड वेगळाच ठेवावा आणि त्याच दिवशी धुवावा. हातात रबरी मोजे घालून आधी नुसत्या पाण्यातून काढावा, मग भरपूर साबणाने स्वतंत्र टबात धुवून उन्हात वाळवावा. हे पाणी नदीत, विहिरीजवळ किंवा जनावरांच्या हौदाशी सोडू नये. बाटलीतलं न मिसळलेलं औषध अंगावर सांडून कपडा भिजला असेल तर तो धुवूच नका, टाकून द्या. दोनशे रुपयांच्या सदऱ्याची हळहळ नको. आणि एक मागणं पुरुषांकडे: फवारणीचे कपडे ज्याने घातले त्यानेच ते धुवावेत.

वाळत घालण्याचीही एक गोष्ट आहे, जी आम्हाला कुणी मोठ्याने सांगितली नाही. पाळीचं कापड न्हाणीच्या कोपऱ्यात, साडीखाली, कुणाच्या नजरेला पडणार नाही असं वाळवायचं. त्यामागे नजर लागण्याची भीती होती, लाज होती. अंधारात अर्धवट ओलं राहिलेलं सुती कापड म्हणजे बुरशीला आयतं अंथरूण. स्वच्छ धुतलेलं आणि उन्हात कडकडीत वाळवलेलं कापड वापरायला काहीच हरकत नाही. अडचण कापडात नसून लपवण्यात आहे. माझ्या आईने आमच्यासाठी गच्चीवर एक वेगळी दोरी बांधली, भर उन्हात. शेजारणींनी आठ दिवस नावं ठेवली. वर्षभरात त्यांच्याही दोऱ्या दिसू लागल्या.

वाकळ वर्षातून एकदा धुतली की झालं, हाही समज सोडायला हवा. रोज रात्री घाम, तेल आणि कातडीचा कोंडा अंथरुणात उतरतो, त्यावर धुळीतले सूक्ष्म किडे जगतात आणि दम्याच्या माणसाला शिंका-खोकला लागतो. अख्खी वाकळ दर आठवड्याला धुणं कुणालाच शक्य नाही. तिला जुन्या साडीची खोळ शिवा. खोळ दर आठवड्याला धुवा, आणि वाकळ ऊन दाखवून झटकून घ्या. ऊन आणि कोरडेपणा किड्यांना मारतो, पण मेलेल्या किड्यांचा भुगा झटकल्याशिवाय जात नाही.

धुण्यासाठी पाणी साठवतो त्या बॅरलचंही असंच. डेंग्यूचा डास गटारीत होतो असं मानून आपण गटारीवर औषध मारतो. तो वाढतो आपल्या झाकण नसलेल्या स्वच्छ बॅरलमध्ये, आठवडा-दहा दिवसांत. अंडी कडेला चिकटतात आणि कोरड्यात महिनोन्महिने तग धरतात, म्हणून नुसतं पाणी ओतून भागत नाही, आतून घासावं लागतं. हा डास दिवसा चावतो. दुपारी निजलेल्या बाळाला मच्छरदाणी हवीच.

झोपेबद्दलचे समज तर धुण्याहून जुने. उत्तरेकडे डोकं करून निजलं की पृथ्वीचं चुंबकत्व रक्तातलं लोह ओढतं, असं हल्ली शास्त्राचा आव आणून सांगतात. रक्तातलं लोह खिळ्यासारखं नसतं, प्रथिनात बांधलेलं असतं. एमआरआय मशीनचं चुंबकत्व पृथ्वीच्या तीस हजार पटींहून जास्त, आणि त्यात माणूस अर्धा तास पडून सुखरूप बाहेर येतो. दिशा कुठलीही असो, डास नसावेत आणि हवा खेळावी. घोरणं म्हणजे गाढ झोप हेही चूक. घोरता घोरता श्वास थांबतो, मग दचकून परत सुरू होतो, आणि माणूस दिवसभर पेंगतो, असं असेल तर तो आजार आहे. डॉक्टरला दाखवावं.

मला जास्त काळजी मुलांची वाटते. आमच्याकडची मुलं अकरावी-बारावीला लातूरला जातात, आणि पहाटे चारला उठून वाचलेलंच डोक्यात राहतं हे त्यांच्या मनावर ठसवलेलं असतं. रात्री बारापर्यंत क्लासचा गृहपाठ आणि चारला गजर. वाचलेलं पक्कं होतं ते झोपेत. दिवसभराचं शिकलेलं मेंदू रात्री लावून ठेवतो, आणि झोप तोडली की ते काम अर्धवट राहतं. या वयाला आठ ते दहा तास झोप लागते. शिवाय पौगंडात शरीराचं घड्याळच थोडं उशिरा चालू लागतं, तो मुलांचा आळस नव्हे. आठला निजणाऱ्याने चारला खुशाल उठावं. बाराला निजणाऱ्याने उठू नये, आणि आईबापाने उठवू नये.

मोठ्या माणसाला किमान सात तास हवेत. म्हाताऱ्यांनाही जवळपास तेवढेच. त्यांची झोप तुटक होते, गरज फारशी घटत नाही. पण बाईला कमी झोप पुरते, हा न बोललेला समज घरोघरी आहे. सगळ्यांच्या आधी उठणारी आणि सगळ्यांच्या मागून निजणारी ती गुणाची. 2019 च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाची 299 मिनिटं त्यात जात होती, तर घरकाम करणाऱ्या पुरुषांची 97. बाईचं शरीर काही वेगळ्या मातीचं नाही. कमी झोपेने रक्तदाब, साखर, चिडचिड तिलाही गाठतात. रात्री झोपमोड झालेल्या बाईने दुपारी वीस-तीस मिनिटं डोळा लावला तर तो आळस नव्हे, थोडी भरपाई आहे. चारनंतर लांबलचक झोपू नये, रात्रीची जाते.

मराठवाड्यातल्या कितीतरी गावांत नळाचं पाणी रोज येत नाही, आणि येतं तेव्हा माणसांच्या झोपेची वेळ पाहत नाही. बॅरल भरायला कोण उठतं, हे विचारायची कधी गरज पडत नसे. गेल्या दसऱ्यानंतर, म्हणजे देवी महिषासुराशी झालेल्या युद्धाचा शीण घालवायला कोजागिरीपर्यंत पुन्हा पलंगावर निजते त्या दिवसांत, आईला सलग चक्कर आली. डॉक्टरांनी औषधाआधी विचारलं, झोपता किती? आई गप्प राहिली. त्या संध्याकाळी मी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर रेघा मारून चौघांची नावं लिहिली, वडिलांचंही, आणि ते न्हाणीच्या दाराला लावलं. ज्याची पाळी त्याने उठायचं, मोटर लावायची, बॅरल भरून झाकण घालायचं आणि निजायचं.

परवा रात्री पावणेतीनला नळाला हवा सुटल्याचा आवाज आला. आई सवयीने उठून बसली. पलीकडच्या खोलीत भावाने दिवा लावला, आणि ती परत कुशीवर वळली.