अनुभवी मनुष्यबळ व्यवस्थापकाचे परदेशगमन : नंदुरबार जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :
नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याच्या विभाजनातून अस्तित्वात आला. या आदिवासीबहुल जिल्ह्यास स्थलांतर नवे नाही. ऊसतोडणीच्या हंगामात येथील अनेक कुटुंबे मुकादमामार्फत गुजरातेत जातात. शिकलेले तरुण सुरत, नाशिक, पुणे येथील कारखान्यांत व कार्यालयांत नोकरी करतात आणि त्यांपैकी काही जण परदेशाचाही विचार करतात. मनुष्यबळ व्यवस्थापकापुढील प्रश्न मात्र अभियंत्याहून निराळा आहे. यंत्र सर्व देशांत सारख्याच नियमाने चालते. नोकरीचा कायदा देशागणिक बदलतो. त्यामुळे दहा-पंधरा वर्षांच्या अनुभवानंतरही कनिष्ठ पदापासून आरंभ करण्याची वेळ येऊ शकते. याची कारणे व उपाय स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

अनुभवाचे दोन भाग :
या व्यवसायातील अनुभवाचे दोन भाग पडतात. पहिला भाग कायद्याशी निगडित आहे. भविष्य निर्वाह निधी, उपदान, स्थायी आदेश यांचे ज्ञान भारताबाहेर जवळजवळ निरुपयोगी ठरते. भारतातही हे ज्ञान स्थिर नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्याने येथील व्यवस्थापकांनाही नव्याने अभ्यास करावा लागत आहे. दुसरा भाग माणसांशी निगडित आहे. भरती, प्रशिक्षण, तक्रार निवारण, वाटाघाटी ही कौशल्ये सोबत नेता येतात. परंतु त्यांचे मोल देशानुसार कमी-अधिक होते.

तीन उदाहरणे :
१) संयुक्त अरब अमिराती : २०२१ चा श्रमविषयक कायदा २ फेब्रुवारी २०२२ पासून लागू झाला. तेथे कामगार संघटनांना मुभा नाही. साहजिकच संघटनेशी करार करण्याचा महाराष्ट्रातील अनुभव तेथे फारसा उपयोगी पडत नाही.
२) जर्मनी : १९७२ च्या कायद्यानुसार किमान पाच कायम कर्मचारी असलेल्या आस्थापनेत कर्मचारी परिषद निवडता येते. अशी परिषद असल्यास तिचे म्हणणे न ऐकता केलेली बडतर्फी निरर्थक ठरते. येथे वाटाघाटींचा अनुभव मोलाचा आहे. मात्र जर्मन भाषेवाचून तो वापरता येत नाही.
३) कॅनडा : ओंटारिओ प्रांतात २०१३ च्या कायद्याने या व्यवसायाचे नियमन होते. तेथील व्यावसायिक संस्थेच्या सीएचआरपी, सीएचआरएल या उपाध्यांसाठी स्थानिक रोजगार कायद्याचे ज्ञान सिद्ध करावे लागते.

कागदपत्रांचा प्रश्न :
नंदुरबारच्या उमेदवारास एक विशेष अडचण संभवते. १९९८ पूर्वी जन्मलेल्यांच्या जुन्या दाखल्यांवर जिल्हा धुळे असतो, तर पारपत्रावर नंदुरबार असू शकतो. तसेच १९९० मध्ये जळगाव येथे स्थापन झालेले उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ २०१८ पासून कवयित्री बहिणाबाई चौधरी यांच्या नावाने ओळखले जाते. त्यापूर्वीच्या पदवीपत्रावर जुने नाव असते. परदेशातील मूल्यांकन संस्थेस ही दोन नावे दोन विद्यापीठांची वाटू शकतात. म्हणून नामबदलाचा अधिकृत पुरावा आधीच जोडणे हितावह ठरते. अनुभवाच्या दाखल्यात केवळ पदनाम पुरेसे नाही. प्रत्यक्ष कामे, कर्मचारी संख्या व कालावधी यांचा स्पष्ट उल्लेख असावा. भारत २००५ पासून अपोस्टिल कराराचा सदस्य आहे. जे देश सदस्य नाहीत, त्यांच्यासाठी दूतावासाचे साक्षांकन घ्यावे लागते.

समारोप :
वरील विवेचनावरून असे दिसते की, या व्यवसायात परदेशगमनाची तयारी राजीनाम्यानंतर नव्हे, तर त्यापूर्वी व्हावयास हवी. प्रथम देश निश्चित करावा, तेथील रोजगार कायदा अभ्यासावा, पदवीचे मूल्यांकन करून घ्यावे आणि मगच हातची नोकरी सोडावी. ज्या घरातील पहिलाच पदवीधर परदेशी निघतो, त्या घरास चुकलेल्या निर्णयाची किंमत अधिक मोजावी लागते. कर्ज, गमावलेली ज्येष्ठता व मागे राहिलेले वृद्ध आईवडील यांचा भार एकाच वेळी येतो. इतरांच्या नेमणुका करताना जो कागदपत्रे बारकाईने तपासतो, त्याने तोच निकष स्वतःस लावणे अगत्याचे आहे. या कामी जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या वाणिज्य विभागांनी मार्गदर्शन केल्यास ते निश्चितच उपयुक्त ठरेल.